पतसंस्थेच्या वह्या संगणकात नेताना

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका नागरी सहकारी पतसंस्थेत मी व्यवस्थापक आहे. लिपिक म्हणून लागले तेव्हा खतावण्या, म्हणजे खातेवार हिशोबाच्या वह्या, हाताने लिहिल्या जायच्या. आज आमचे पिग्मी प्रतिनिधी, म्हणजे रोज दारोदारी जाऊन बचत गोळा करणारी माणसं, हातातल्या यंत्रावर जागच्या जागी पावती काढतात आणि सभासदाला घरबसल्या मोबाइलवर शिल्लक दिसते. हे कसं झालं ते लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण इतर पतसंस्थांतली ओळखीची माणसं फोन करून पहिला प्रश्न हाच विचारतात, "मॅडम, सॉफ्टवेअर कुठलं घेतलंत?" माझं उत्तर ठरलेलं आहे: सॉफ्टवेअर शेवटी घ्या, आधी शिल्लका जुळवा.

वागळे इस्टेट ही एमआयडीसीच्या सर्वांत जुन्या वसाहतींपैकी एक. कारखान्यांच्या आजूबाजूला किसननगर, श्रीनगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर अशा वस्त्या वाढल्या. आमची संस्था याच वस्त्यांतल्या कामगारांनी काढली. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या गेटबाहेर सतरंजी टाकून सभासदांकडून भागांचे (शेअरचे) पैसे गोळा केले, असं जुने संचालक सांगतात. बँकेत तेव्हा कामगाराला दारात उभं करत नसत. मुलीचं लग्न, गावच्या घराचं छप्पर, आजारपण यासाठी सावकाराकडे जायची पाळी येई. दोन जामीनदार आणि पगाराची चिठ्ठी यावर कर्ज देणारी आपली संस्था हवी, एवढ्यासाठी ती निघाली.

पुढे कारखाने एकेक करून बंद झाले आणि तिथे आयटीच्या इमारती उभ्या राहिल्या. सभासद मात्र पांगले. कुणी निवृत्तीचे पैसे घालून बदलापूरला, टिटवाळ्याला घर घेतलं, कुणाची मुलं घोडबंदर रोडला राहायला गेली, कुणी दिवा-कळव्यात. खातं इथेच राहिलं. पासबुक भरून घ्यायला म्हातारी माणसं लोकलने ठाण्याला यायची, स्टेशनवरून टीएमटीची बस पकडून आमच्या दारात यायची आणि वीज गेलेली असली की तशीच परत जायची. संस्था वाढत होती, ठेवीही वाढत होत्या, पण ज्यांच्या त्या ठेवी, त्यांच्यापासून आम्ही लांब चाललो होतो. आधुनिकीकरणाची खरी गरज मला तिथे दिसली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. आमची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 खाली असते, देखरेख सहकार खात्याची असते, आणि व्यवहार सभासदांशीच करायचे असतात. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा असतो. 2020 च्या फेब्रुवारीपासून तो 5 लाख रुपयांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. म्हणजे ठेवीदाराची भिस्त संचालकांच्या सचोटीवर, वसुलीवर आणि हिशोबाच्या खरेपणावर. राज्यात ज्या पतसंस्था बुडाल्या, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी बेनामी कर्जं निघाली, कागदावर एक आणि पासबुकात दुसरंच असे प्रकार निघाले. सभासदाला स्वतःची शिल्लक स्वतः, हवी तेव्हा तपासता येणं हेच त्याचं संरक्षण. माझ्या मते संगणकावर खर्च करायचा तो यासाठी.

8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीने संचालक मंडळाला हे पटवून दिलं. जुन्या नोटा बदलून द्यायची परवानगी पतसंस्थांना नव्हती. रोज पिग्मी देणारे भाजीवाले, चहावाले, छोटे वर्कशॉपवाले आमच्याकडे आशेने यायचे आणि आम्ही हात जोडायचो. आमचा सगळा कारभार रोखीवर चालतो आणि रोख आटली की आमच्याकडे दुसरा मार्गच नाही, हे त्या दोन महिन्यांत लख्ख दिसलं. पुढच्या वार्षिक सभेत संगणकीकरणाचा ठराव आला. खर्चासाठी त्या वर्षी लाभांश कमी द्यावा लागणार होता, त्यावरून बरीच वादावादी झाली. कायद्याने नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीला जातोच. उरलेल्यातून लाभांश की संगणक, असा सरळ प्रश्न होता. शेवटी एक निवृत्त फिटर उठले आणि म्हणाले, "माझा लाभांश दोन टक्के कमी द्या, पण माझं पासबुक खरं आहे की नाही ते मला घरी बसून कळू द्या." ठराव मंजूर झाला.

त्या वेळी आमचा हिशोब दोन जागी होता. बचत आणि पिग्मीची खाती एका जुन्या प्रोग्रॅममध्ये होती, आणि तो एकाच संगणकावर चालायचा. कर्जं, भाग आणि मुदत ठेवी हाताच्या खतावण्यांत. रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) हाताची, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचा ताळा) हाताची. नवीन सॉफ्टवेअर कंपनी निवडण्याआधी जुन्या प्रोग्रॅमवाल्याकडे आम्ही आमचीच माहिती मागितली, तर ती त्याच्या प्रोग्रॅमशिवाय उघडता येईल अशा रूपात द्यायला तो तयार होईना. बरेच महिने त्यात गेले. अखेर आम्ही प्रत्येक खात्याचे उतारे कागदावर छापले आणि तिथून पुन्हा भरले. या अनुभवामुळे नव्या करारात आम्ही काही कलमं हट्टाने घातली: माहिती संस्थेच्या मालकीची, संस्था मागेल तेव्हा ती कोणालाही वाचता येईल अशा रूपात द्यायची, रोजची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवायची, आणि एकदा केलेली नोंद कोणालाच पुसता येता कामा नये. चूक झाली तर उलट नोंद करायची, दोन्ही दिसल्या पाहिजेत. ज्यांना पतसंस्थेचं सॉफ्टवेअर घ्यायचंय त्यांनी स्क्रीन किती सुंदर आहे हे बघण्याआधी करारातली ही चार वाक्यं वाचावीत.

मग शिल्लक पडताळणी सुरू झाली. सगळ्यात जास्त वेळ, सगळ्यात जास्त मेहनत इथेच लागली.

आमच्या कर्ज खतावण्या लाल कापडी बांधणीच्या. पान भरलं की तळाला 'पुढे नेली' आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर 'मागून आणली'. गडबड व्हायची ती नेमकी या दोन ओळींच्या मध्ये. आमचे जुने हिशोबनीस, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनी पहिल्याच दिवशी मुलांना शिकवलं: फरक आला की त्याला 9 ने भागून बघा. पूर्ण भाग गेला तर अंक उलटसुलट झाले असण्याची शक्यता मोठी. एका खात्यात 360 रुपयांचा फरक येत होता. 9 ने भाग जातोय म्हटल्यावर भाऊ पान-पान मागे गेले, आणि कित्येक वर्षांपूर्वी 4,150 ची शिल्लक पुढच्या पानावर 4,510 म्हणून आलेली सापडली. मधल्या सगळ्या वर्षांचं व्याज त्या आकड्यावर लागलेलं होतं. त्या सभासदाला बोलावून हिशोब समजावला आणि जादा घेतलेलं व्याज परत केलं. त्याला तर फरकाची कल्पनाच नव्हती.

ऑफिसात बसून वह्या जुळवणं पुरेसं नव्हतं. वही आणि प्रोग्रॅम जुळले तरी सभासदाच्या हातातलं पासबुक काय म्हणतं, हे बघायलाच हवं होतं. म्हणून रविवारी पासबुक पडताळणीची शिबिरं घेतली. चाळींच्या फळ्यांवर सूचना लावल्या, बाहेर राहायला गेलेल्यांना फोन केले. संचालक स्वतः टेबलं मांडून बसले. सभासद पासबुक द्यायचा, आम्ही वहीतली शिल्लक मोठ्याने वाचायचो, तो मान्य म्हणाला की त्याची सही घ्यायची. लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पासबुकं आणायचे, काहींच्या पावतीच्या घड्या उघडताना कागद फाटायचा. श्रीनगरच्या एक मावशी लग्नाआधीच्या नावाने उघडलेलं खातं घेऊन आल्या. आधार कार्डावर सासरचं नाव, पॅन काढलेलंच नव्हतं, आणि खात्यावरची सही मराठीत, शाळकरी वयातली. "अगं, हे माझंच आहे गं," म्हणत त्या ती सही आम्हाला पुन्हा करून दाखवत होत्या. विवाह नोंदणीचा दाखला, दोन सभासदांची ओळख आणि संचालक मंडळाची मंजुरी घेऊन ते खातं त्यांच्या आजच्या नावावर आणलं. अशी खाती खूप निघाली, त्यांत बहुतेक बायकांची.

मयत सभासदांची खाती हा वेगळाच विषय. पुष्कळांचं वारसनाम नोंदवलेलंच नव्हतं, किंवा नोंदवलेली व्यक्तीही हयात नव्हती. आता खातं उघडताना वारसनाम भरल्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही. जुन्यांसाठी मात्र घरोघरी जावं लागलं.

पण पडताळणीतून सगळ्यात मोठी गोष्ट कळली ती कर्जांची. कर्जाचा प्रत्येक अर्ज स्वतंत्र फाइलमध्ये असतो, त्यामुळे एका वेळी एकच फाइल दिसते. सगळ्या कर्जदारांची आणि जामीनदारांची नावं एका तक्त्यात आली तेव्हा दिसलं, की काही ठिकाणी चार-पाच मित्र एकमेकांनाच जामीन आहेत. पहिल्याला दुसरा जामीन, आणि फिरून दुसऱ्याला पहिला. कंपनी बंद पडली की सगळ्यांचे हप्ते एकदम थांबणार आणि वसुलीला कोणीच उरणार नाही. कोणी फसवायला हे केलेलं नव्हतं, कारखान्याच्या एकाच विभागात काम करणारी माणसं एकमेकांनाच धरून होती. तरी धोका तो धोकाच. त्यानंतर कर्ज धोरण बदललं: ज्याला कर्जदार स्वतः जामीन आहे, तो त्याचा जामीनदार होऊ शकत नाही, आणि अर्ज भरतानाच सिस्टिम ते अडवते. माझ्या मते संगणकीकरणावर जेवढा खर्च झाला, तो या एका तक्त्यातच वसूल झाला.

नवीन सिस्टिम सुरू केल्यावर मार्चअखेर, म्हणजे हिशोबाचं वर्ष संपेपर्यंत, आम्ही दोन्ही पद्धती सोबत चालवल्या. दिवसभराचे व्यवहार संगणकात, आणि संध्याकाळी रोजकीर्द हातानेही. कर्मचारी दमले, चिडलेही. तरी दोन्ही तेरजा जुळल्या तेव्हाच वह्या बंद केल्या. व्याजाची पद्धतही त्याच वेळी बदलली. बँकांना रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2010 पासून बचत खात्यावर रोजच्या शिल्लकेवर व्याज द्यायला लावलं. आम्ही हाताने करत असल्यामुळे महिन्याच्या किमान शिल्लकेवरच देत होतो. संगणक आल्यावर रोजच्या शिल्लकेची पद्धत ठराव करून स्वीकारली. पगार खात्यात येऊन आठवड्यात निघणाऱ्या माणसालाही त्या दिवसांचं व्याज मिळू लागलं. नोंद करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, हा नियमही तेव्हाच आला. छोट्या ऑफिसात एकमेकांचे पासवर्ड सगळ्यांना पाठ असतात. ती सवय मोडायला सॉफ्टवेअर शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पिग्मीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आमचा श्वास पिग्मी आहे. रोज दारात जाऊन थोडे थोडे पैसे गोळा करण्याची ही योजना 1928 मध्ये उडुपीच्या एका बँकेने विणकरांसारख्या गरीब लोकांसाठी सुरू केली, आणि महाराष्ट्रातल्या पतसंस्थांनी ती आपलीशी केली. आमच्याकडे प्रतिनिधी कार्डावर रक्कम लिहून सही करायचे आणि रात्री ऑफिसात भरणा करायचे. कार्ड दुकानदाराकडे, नोंद आमच्याकडे, आणि मध्ये फक्त प्रतिनिधीचा शब्द. आमचे प्रतिनिधी चोख होते. पण सगळा डोलारा एका माणसाच्या चोखपणावर असणं बरोबर नाही, त्या माणसाच्या दृष्टीनेही नाही. यंत्र द्यायचं ठरलं तेव्हा सर्वांत जुने प्रतिनिधी अण्णा मनातून दुखावले. "इतकी वर्षं माझ्यावर विश्वास होता ना मॅडम?" असं त्यांनी विचारलं. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, उद्या कोणी म्हणालं की मी शंभर दिले आणि तुम्ही पन्नास लिहिले, तर तुमच्या बाजूने साक्ष कोण देणार? हे यंत्र देईल." पहिले काही दिवस मीच त्यांच्याबरोबर रोड नंबर 16 आणि 22 च्या भागात फिरले. टपरीवर पन्नासची नोट यंत्रात नोंदली, चिटोऱ्याएवढी पावती निघाली आणि तेवढ्यात चहावाल्याच्या खिशातला फोन वाजला. संदेशात जमा रक्कम आणि एकूण शिल्लक. त्याने तो शेजारच्या पंक्चरवाल्याला दाखवला, आणि पंक्चरवाल्याने तिथेच खातं उघडायचा अर्ज मागितला.

संदेश मराठीत असावेत हा माझा आग्रह होता. त्यातली अडचण नंतर कळली: इंग्रजी संदेशात 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70 च. त्याहून लांब झाला की दोन संदेशांचे पैसे लागतात. शिवाय प्रत्येक संदेशाचा मजकूर आधी नोंदवून घ्यावा लागतो. संचालकांपैकी काहींचं म्हणणं होतं की इंग्रजीच ठेवा. आम्ही बसून मजकूर कापत कापत 70 अक्षरांत आणला: जमा, तारीख, शिल्लक, संस्थेचं छोटं नाव. जी बाई संदेश वाचू शकत नाही तिला तो पाठवण्यात अर्थ काय?

सप्टेंबर 2019 मध्ये एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना पैसे काढता येईनात. आमचा त्या बँकेशी संबंध नव्हता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारातही रांग लागली. लोक घाबरले होते, आणि त्यांचं घाबरणं रास्त होतं. आम्ही त्याच सकाळी सिस्टिममधून तक्ता काढला: एकूण ठेवी किती, कर्जं किती, कोणत्या बँकांत किती गुंतवणूक, आज हातात किती रोख, येत्या महिन्यात किती ठेवींची मुदत संपते. तो दाराबाहेर लावला आणि अध्यक्ष त्याच्याजवळ उभे राहून प्रत्येकाला समजावत होते. ज्याला पैसे हवे होते त्याला दिले. वीस हजार किंवा त्याहून मोठी ठेव कायद्याने रोखीत परत देता येत नाही, म्हणून ती चेकने दिली. चार दिवसांत रांग ओसरली. खतावण्यांच्या काळात असा तक्ता करायला आठवडा गेला असता, आणि पळापळीच्या वेळी आठवडा कोणाच्याच हातात नसतो.

सहा महिन्यांत टाळेबंदी आली. पिग्मी थांबली, हप्ते थांबले. पतसंस्थेला स्वतःचं यूपीआय नसतं, बँकेतल्या चालू खात्याच्या आधारेच ते घ्यावं लागतं. क्यूआर कोड छापून वाटला तर पैसे आले, पण कोणाचे ते कळेना. कोणी मुलाच्या फोनवरून पाठवायचं, कोणी शेजाऱ्याच्या. मग बँकेकडून प्रत्येक सभासदासाठी वेगळा आभासी खाते क्रमांक घेतला. पैसे कोणीही पाठवोत, क्रमांकावरून खातं ओळखता येतं. बदलापूरच्या निवृत्त काकांना आता बस, लोकल काही करावं लागत नाही.

वाढीचा प्रश्न त्यानंतर आला. संगणक आहे, आता घोडबंदर रोडला, कळव्याला, मुलुंडपर्यंत शाखा काढा, ठेवी दुप्पट करा, असा सूर सभेत निघाला. मी विरोधात बोलले. ठेवी गोळा करणं सोपं आहे. जादा व्याजाची जाहिरात लावली की येतात. पण त्या कर्जाऊ देण्यासाठी माणूस ओळखीचा लागतो, आणि अनोळखी वस्तीत आपल्याला माणसं माहीत नसतात. मंडळाने मधला मार्ग काढला. कार्यक्षेत्र वाढवण्यासाठी पोटनियम दुरुस्त करून घेतला आणि घोडबंदर रोडला एकच छोटी शाखा काढली, कारण तिथे आमच्या जुन्या सभासदांची मुलं राहतात. सुरुवातीला तिथे फक्त सोनेतारण आणि ठेवतारण कर्जं दिली. वसुली एका ठरलेल्या पातळीवर राहिल्याशिवाय जामीनकीची कर्जं तिथे सुरू करायची नाहीत, असा ठरावच आहे.

आता मोबाइल ॲप आहे. त्यात पैसे पाठवता येत नाहीत, फक्त बघता येतं. तरुण सभासदांची त्यावर नाराजी आहे, पण सुरक्षिततेचा खर्च आम्हाला झेपेल तेव्हाच पुढचं पाऊल टाकायचं यावर मी ठाम आहे. ॲपमध्ये एक भाग मात्र मी आग्रहाने घालून घेतला: 'मी कोणाला जामीन आहे'. पूर्वी जामीनदाराला पहिली खबर लागायची ती सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुली दाखल्यासाठी (थकबाकी वसूल करण्याच्या सरकारी आदेशासाठी) अर्ज केल्यावर, नोटीस हातात पडली की. तोवर थकबाकी व्याजासकट फुगलेली असायची आणि दोन घरांतलं बोलणं तुटलेलं असायचं. आता हप्ता चुकला की त्याच आठवड्यात जामीनदारालाही संदेश जातो. ॲप सुरू झालं त्या महिन्यात काउंटरवर सर्वांत जास्त चौकशी याचीच झाली. कित्येकांनी जुने मित्र गाठले, हप्त्यांची चौकशी केली, आणि काही थकलेली खाती वसुली अधिकारी न जाताच नियमित झाली. ज्यांचं कर्ज अजून अडकलंय, त्यांच्या जामीनदारांना आम्ही दर शनिवारी बोलावतो आणि हप्ते पाडून देतो.